कर्ज सर्वांचे, हप्ता कोणाचा?

प्रति,
श्री. आंतोनियो कोस्ता
अध्यक्ष, युरोपीय परिषद, ब्रुसेल्स



16 जून 2021 रोजी युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन लिस्बनला आल्या आणि पोर्तुगालच्या कोविड साथीनंतरच्या पुनरुभारणी आराखड्यावर आयोगाची मोहोर उमटल्याचे त्यांनी सांगितले. सत्तावीस देशांत पहिला नंबर तुमचा लागला होता. तुम्ही तेव्हा पोर्तुगालचे पंतप्रधान होतात. तुम्ही त्यांना थट्टेने विचारलेत, मग आता बँकेत जाऊ का? आदल्याच दिवशी आयोगाने महासंघाच्या समाईक पुनरुभारणी योजनेचे पहिले रोखे विकले होते. 20 अब्ज युरोंचे, दहा वर्षे मुदतीचे, व्याज 0.086 टक्के. मागणी आली होती 142 अब्जांच्या वर. म्हणजे बँकेत पैसा होता आणि जवळजवळ फुकट होता.

त्या बँकेचा हप्ता कोण भरणार, हे अजून ठरलेले नाही. मुद्दलाची परतफेड 2028 मध्ये सुरू होते आणि 2058 पर्यंत चालते. ज्या मेजाभोवती बसून हे ठरवायचे, त्या मेजाच्या मुख्य खुर्चीवर आज तुम्ही आहात. म्हणून हे पत्र आयोगाला किंवा बर्लिनला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मराठीतून का, असे तुमचा सचिव विचारील. तुमच्या घराण्याचे मूळ मडगावचे. तुमचे वडील ओर्लांदो दा कोस्ता तिथे वाढले, गोव्यातल्या माणसांवर त्यांनी पोर्तुगीजमध्ये कादंबरी लिहिली. 2017 च्या जानेवारीत तुम्ही बेंगळुरूला प्रवासी भारतीय दिवसाला आलात, तिथून गोव्याला जाऊन आबे फारिया रस्त्यावरच्या वडिलोपार्जित घरात नातेवाइकांना भेटलात. घरची माणसे तुम्हाला बाबुश म्हणतात, हे तेव्हा इथल्या पुष्कळांना कळले. पण एवढ्या भांडवलावर सलगी करावी असे मला वाटत नाही. दुसरे कारण जास्त रोकडे आहे. हप्ता भरण्यासाठी आयोगाने जे कर सुचवले आहेत, त्यांतल्या एकाची झळ आमच्या पोलादाला लागते. त्याच्याकडे मी पुढे येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 2020 मध्ये युरोपने एकत्र कर्ज काढले ते योग्यच केले. ऋण काढून सण करू नये असे आमच्याकडे लहानपणापासून बजावतात. ऋण काढून औषधपाणी करू नये असे मात्र कोणी सांगत नाही. त्या मार्च महिन्याचे दिवस आठवून पाहा. 12 तारखेला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष क्रिस्तीन लगार्द पत्रकारांपुढे बोलून गेल्या की, वेगवेगळ्या देशांच्या रोख्यांच्या व्याजातली तफावत मिटवणे हे काही आमचे काम नाही. इटलीच्या रोख्यांचे व्याज त्याच दिवशी उसळले. 18 तारखेच्या संध्याकाळी बेर्गामो शहरातून लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन रांगेने बाहेर पडले, कारण तिथल्या दाहगृहात जागा उरली नव्हती. त्याच रात्री लगार्द बाईंच्या बँकेने 750 अब्ज युरोंच्या रोखेखरेदीची घोषणा केली. आठवडाभरापूर्वी जे आपले काम नव्हते, ते आपले काम झाले.

25 मार्चला नऊ देशांच्या प्रमुखांनी समाईक कर्जाची मागणी करणारे पत्र लिहिले. त्यावर तुमची सही होती. डच अर्थमंत्री वोप्के हुक्स्ट्रा यांनी सुचवले की, अशा प्रसंगासाठी काही देशांच्या गाठीला पैसा का नाही याची जरा चौकशी व्हावी. तुम्ही त्यावर किळसवाणे हा शब्द वापरलात. ब्रुसेल्सच्या गुळमुळीत भाषेत इतका सरळ शब्द क्वचित ऐकू येतो. (आज तेच हुक्स्ट्रा आयोगात हवामान खाते सांभाळतात, तुम्ही परिषदेचे अध्यक्ष आहात आणि दोन्ही कचेऱ्या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. राजकारणात कोणाशी कायमचे वाकडे घेऊन चालत नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.)

तुमच्या त्या रागामागे दहा वर्षांचा इतिहास होता. 2010 नंतर ग्रीसला, आणि 2011 मध्ये 78 अब्ज युरोंसाठी पोर्तुगाललाही, ज्या अटींवर कर्ज मिळाले त्या अटींनी पेन्शनी कापल्या, पगार कापले, दवाखान्यांचे पैसे कापले. ग्रीसची अर्थव्यवस्था चौथ्या हिश्श्याने आक्रसली. त्या काळाची दहशत किती खोल बसली होती पाहा. 2020 मध्ये युरोपच्या स्थैर्य यंत्रणेने दवाखान्यांच्या खर्चासाठी 240 अब्ज युरो स्वस्त व्याजाने देऊ केले, तर एकाही देशाने त्या दाराशी पाऊल टाकले नाही. ज्या सावकाराने एकदा घराची झडती घेतली आहे, तो हसून पैसे देऊ लागला तरी माणूस हात पुढे करत नाही.

मग जुलै आला. 17 तारखेला सत्तावीस नेते ब्रुसेल्सला जमले. त्या दिवशी जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचा वाढदिवस होता, आणि तुमचाही. मंडळी उठली ती 21 तारखेच्या पहाटे. 750 अब्ज युरो, त्यातले 390 अब्ज अनुदान आणि 360 अब्ज कर्ज, आणि सगळे पैसे महासंघाच्या नावावर बाजारातून उचललेले. मे महिन्यात मर्केल आणि फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी 500 अब्जांचे अनुदान सुचवले होते, ते घासाघिशीत खाली आले. तरीही ते मोठे पाऊल होते. ज्या जर्मनीने दहा वर्षे समाईक कर्जाचे नाव काढू दिले नव्हते, तिनेच त्यावर सही केली.

या सहीची किंमत मात्र त्या चार रात्रींतच वसूल झाली, आणि ती कोणी वसूल केली हे फारसे बोलले जात नाही. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वीडन हे स्वतःला काटकसरी म्हणवणारे देश. त्यांनी आपल्या वर्गणीतली सूट वाढवून घेतली. एकट्या नेदरलँड्सची सूट वर्षाला 1.9 अब्ज युरोंच्या घरात गेली. बंदरावर जमा होणाऱ्या आयात शुल्कातला देशाने ठेवायचा वाटा 20 टक्क्यांवरून 25 टक्के झाला. रॉटरडॅम युरोपचे सर्वांत मोठे बंदर आहे, तेव्हा या पाच टक्क्यांचा अर्थ डचांना नीट कळत होता. आणि या सगळ्याची तोंडमिळवणी करताना कात्री कशाला लागली? आयोगाने आरोग्य कार्यक्रमासाठी 9.4 अब्ज युरो सुचवले होते, ते नेत्यांनी 1.7 अब्जांवर आणले. साथीच्या नावाने कर्ज काढले आणि पहिला घाव आरोग्यावर घातला. पुढे युरोपीय संसदेने भांडून तो आकडा 5.1 अब्जांपर्यंत नेला. काटकसरी नेदरलँड्सने स्वतःचा आराखडा सर्वांत शेवटी, जुलै 2022 मध्ये सादर केला, ही आपली जाता जाता सांगायची गोष्ट.

पण त्या पहाटेची खरी चूक या सवलतींत नव्हती. सवलतींचा सौदा सगळीकडे होतो. चूक ही की, कर्ज किती, कोणाला, कोणत्या अटींवर, हे सगळे ठरले. कशातून फेडायचे, हे तेवढे राहिले. 16 डिसेंबर 2020 च्या करारात संसद, परिषद आणि आयोग यांनी एक वेळापत्रक लिहून ठेवले. महासंघाला स्वतःचे नवे उत्पन्न मिळवून द्यायचे, काही 2023 पासून, काही 2026 पासून. प्रत्यक्षात उतरली ती एकच गोष्ट, आणि तीही या वेळापत्रकाच्या आधीच ठरलेली: पुनर्वापरात न जाणाऱ्या प्लास्टिक वेष्टनाच्या किलोमागे 80 सेंट. तोही खऱ्या अर्थाने कर नाही. प्रत्येक सरकार आपल्या तिजोरीतून तेवढी रक्कम भरते, एवढेच. डिजिटल कंपन्यांवरचा कर जागतिक कराराच्या नावाखाली बाजूला ठेवला गेला. कारखान्यांना लिलावात विकल्या जाणाऱ्या कार्बन परवान्यांच्या पैशाचे भिजत घोंगडे तसेच पडून आहे.

2020 मध्ये जर्मनीचे तेव्हाचे अर्थमंत्री ओलाफ शोल्त्स यांनी अलेक्झांडर हॅमिल्टनचे नाव घेतले, आणि मग सगळ्या युरोपने ते घेतले. 1790 मध्ये हॅमिल्टनने अमेरिकी राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या डोक्यावर घेतली, तसेच काहीसे आपण केले अशी ती भावना होती. पण हॅमिल्टनच्या हाताशी आदल्या वर्षीच मंजूर झालेले आयात शुल्क होते, आणि पुढच्या वर्षी त्याने व्हिस्कीवर कर बसवला. त्या करावरून पेन्सिल्व्हेनियात बंड झाले, 1794 मध्ये फौज पाठवावी लागली. कर बसवला की लोक चिडतात. पण कर नसला तर ते सरकार कर्ज कशाच्या जोरावर काढते, हा प्रश्न सावकार आज ना उद्या विचारतोच. तुमच्या मंडळींनी हॅमिल्टनचे अर्धेच चरित्र वाचले.

आणि इतके लांब अमेरिकेत जायलाही नको. आजच्या महासंघाचा पूर्वज असलेला कोळसा आणि पोलाद समुदाय 1952 मध्ये सुरू झाला तेव्हा लक्झेंबर्गच्या उच्चाधिकार मंडळाला, म्हणजे झाँ मोने यांच्या कचेरीला, कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थेट कर लावण्याचा हक्क होता. एक टक्क्याच्या आतला, पण स्वतःचा. त्या उत्पन्नाच्या जोरावर मोने यांनी 1954 मध्ये अमेरिकेकडून 10 कोटी डॉलरचे कर्ज मिळवले. सहा देशांच्या त्या चिमुकल्या संस्थेला जे जमले, ते सत्तावीस देशांच्या महासंघाला जमत नाही.

आमच्याकडेही 2020 च्या ऑगस्टमध्ये असाच तंटा झाला होता. जीएसटीचे उत्पन्न साथीत कोसळले. राज्यांना भरपाई देण्याचे वचन कायद्यात होते, पण पैसे नव्हते. केंद्र म्हणाले, राज्यांनी आपापले कर्ज काढावे. अनेक राज्ये अडून बसली, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राने स्वतःच्या नावावर कर्ज काढून ते राज्यांना द्यायचे कबूल केले. त्या वर्षी 1.1 लाख कोटी, पुढच्या वर्षी 1.59 लाख कोटी रुपये. त्यासोबत एक गोष्ट लगेच ठरली. मोटारी, तंबाखू, कोळसा, शीतपेये यांवरचा भरपाई उपकर जून 2022 मध्ये संपायचा होता, तो या कर्जासाठी मार्च 2026 पर्यंत लांबवला. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक वस्तूंवरून तो उठला आणि कर्ज पुरते फिटेपर्यंत तंबाखूवर राहिला. या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. केंद्र आणि राज्यांच्या संबंधात त्या काळात जी कटुता आली ती अजून पुरती गेलेली नाही. आणि केंद्राला कर लावण्याचा अधिकार मुळात आहे, तुम्हाला तो सत्तावीस जणांकडून मागावा लागतो, हा फरकही मला ठाऊक आहे. तरी कर्ज काढताना ते कुठून फिटणार हे कागदावर लिहिलेले होते, एवढे खरे.

आता पैसे कसे खर्च झाले ते बघू, कारण हप्त्याच्या प्रत्येक चर्चेत उत्तरेकडचा कोणीतरी हे बोट दाखवतोच. एकच उदाहरण जवळून पाहू. सर्वांत मोठा वाटा इटलीला मिळाला, 190 अब्ज युरोंच्या वर. त्यात एक वचन होते की, पाळणाघरे आणि बालवाड्यांमध्ये 2,64,480 नव्या जागा तयार होतील. आईने नोकरी करायची तर मूल ठेवायला जागा हवी, आणि दक्षिण इटलीत ती फार कमी आहे, तेव्हा वचन उत्तम होते. मग अर्ज मागवले. ज्या गावांना पाळणाघरांची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच नगरपालिकांतून अर्ज येईनात. मुदत वाढवावी लागली. लहान गावाच्या नगरपालिकेत एक अभियंता आणि दोन कारकून असतात. त्यांनी रोजचे नळ आणि रस्ते सांभाळून नकाशे, अंदाजपत्रके आणि निविदा करायच्या. तिकडे बांधकामाचे भाव वाढले. जुन्या इमारतीची डागडुजी केली तर ती नवी जागा म्हणून धरता येईना. 2023 मध्ये लक्ष्य 1,50,480 वर आणले. आणि जिथे इमारत उभी राहिली, तिथे पुढचा प्रश्न उभा राहिला. भिंती युरोपच्या पैशाने बांधल्या, पण मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचा पगार दर महिन्याला नगरपालिकेनेच द्यायचा आहे. एकदाच मिळणाऱ्या पैशातून भिंती उभ्या राहतात, पगार निघत नाहीत.

त्याच योजनेत फ्लोरेन्सचे फुटबॉल स्टेडियम आणि व्हेनिसजवळचे क्रीडासंकुलही घुसवले होते. आयोगाने 2023 मध्ये ते बाहेर काढले. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने 60 कोटी युरोंच्या फसवणुकीचे प्रकरण उघड केले. जप्त झालेल्या मालात रोलेक्स घड्याळे आणि लॅम्बोर्गिनी गाडी होती. युरोपचे लेखापरीक्षण न्यायालय, म्हणजे तुमची कॅग, वारंवार सांगत आले आहे की, या योजनेत पैसे मिळतात ते टप्पा गाठला म्हणून, खर्च झाला म्हणून नव्हे. त्यामुळे शेवटी कोणत्या कामाला खरोखर किती लागले हे सांगताच येत नाही. सगळे टप्पे 31 ऑगस्ट 2026 पर्यंत आणि सगळी बिले त्या वर्षअखेरपर्यंत, असा नियम आहे. मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत ज्याने मार्चअखेर पाहिला आहे, त्याला अशा तारखेच्या तोंडावर काय चालते हे ओळखता येईल.

मी हे झाकत नाही, कारण याने माझे म्हणणे पडत नाही. पोलंड आणि हंगेरी यांचे पैसे न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावरून अडवले गेले, त्यातले पोलंडचे पैसे तिथले सरकार बदलल्यावर 2024 मध्ये मोकळे झाले. तेवढा वचक या योजनेत होता. लबाडी झाली तिथे चौकशी होते आहे. पाळणाघरे कमी झाली, पण दीड लाख मुलांची सोय हे काही थोडेथोडके नाही. आणि समजा सगळाच पैसा पाण्यात गेला असता, तरी रोखे ज्यांनी घेतले त्यांना पैसे परत द्यायचेच आहेत. खर्चाची तक्रार हप्त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

तो हप्ता आता महागला आहे. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 2022 च्या जुलैपर्यंत शून्याखाली होता, सप्टेंबर 2023 पर्यंत तो 4 टक्क्यांवर गेला. नवे रोखे 3 टक्क्यांच्या आसपास विकावे लागले. आयोगाने जुलै 2025 मध्ये 2028 ते 2034 साठी जे बजेट मांडले, त्यात या कर्जासाठी 168 अब्ज युरो धरले आहेत, म्हणजे वर्षाला 24 अब्ज. एरास्मुस कार्यक्रमातून दरवर्षी लाखो विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला जातात. त्या कार्यक्रमाचा 2021 ते 2027 या सात वर्षांचा सगळा खर्च 26 अब्ज युरो आहे. जवळजवळ सात वर्षांचा एरास्मुस दर वर्षी हप्त्यात जाणार.

तुमच्यापुढे तीन पळवाटा आहेत, आणि मला भीती वाटते की, तुमची परिषद तिन्ही थोड्या थोड्या वापरून मोकळी होईल. पहिली, जुन्या खर्चातून कापणे. शेतकऱ्यांसाठी चालू बजेटात 387 अब्ज आहेत, नव्या प्रस्तावात त्यांच्यासाठी राखून ठेवलेली रक्कम किमान 300 अब्ज. ट्रॅक्टर ब्रुसेल्सला येतात ते उगाच नाही. दुसरी, फेडायचेच नाही. जुने रोखे फेडायला नवे रोखे काढत राहायचे. सरकारे हे करतात, आमचेही करते, आणि त्यात पाप नाही. पण ज्याला कर लावता येतो त्याने ते करावे. ज्याच्याकडे स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही त्याने केले तर त्याला कर्जाचे नूतनीकरण म्हणत नाहीत.

तिसरी पळवाट आमच्या दारात येते. 1 जानेवारी 2026 पासून युरोपात येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांवर कार्बनचे सीमाशुल्क लागू झाले आहे. त्याच्या उत्पन्नातला 75 टक्के वाटा महासंघाच्या तिजोरीत जावा, असा आयोगाचा प्रस्ताव आहे, आणि ज्या तिजोरीतून हप्ता जाणार ती हीच. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला ब्लास्ट फर्नेसमधून पोलाद निघते, त्यात कोळसा लागतो. नट-बोल्टही शुल्काच्या यादीत आहेत, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारालाही आपल्या मालामागे किती कार्बन निघाला याचा हिशेब युरोपातल्या गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. शुल्क तिथला आयातदार भरतो हे खरे, पण तो तेवढा भाव पाडून मागतो हेही खरे. आयोगाचाच अंदाज आहे की, यातून महासंघाला वर्षाला 1.4 अब्ज युरो मिळतील. 24 अब्जांच्या हप्त्यात ही रक्कम किरकोळ आहे, तेव्हा युरोपची साथ आमच्या पैशावर निस्तरली जाते आहे असा गळा काढणे खोटे ठरेल. माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. हवामानासाठी लावलेला कर हवामानावर खर्च करा, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या भट्ट्या बदलायला त्यातला काही भाग द्या. तो जुन्या कर्जाच्या हप्त्यात गेला, तर दिल्लीतल्या ज्या मंडळींना हे शुल्क म्हणजे हिरव्या रंगाची जकात वाटते, त्यांना चुकीचे ठरवायला तुमच्याकडे तोंड राहणार नाही.

बाकीचे प्रस्तावही पाहिले. कार्बन परवान्यांच्या लिलावातला 30 टक्के वाटा: वर्षाला 9.6 अब्ज. गोळा न झालेल्या ई-कचऱ्यावर: 15 अब्ज. तंबाखूच्या करातला हिस्सा: 11.2 अब्ज. आणि वर्षाला 10 कोटी युरोंच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक वर्गणी: 6.8 अब्ज. या शेवटच्या प्रस्तावाला बर्लिनने लगेच नकार दिला. तो नकार अगदीच गैर नाही, कारण वर्गणी नफ्यावर नसून उलाढालीवर आहे; तोट्यात चाललेल्या पोलाद कारखान्यालाही ती भरावी लागेल. पण त्यावर उपाय वर्गणी रद्द करणे हा नाही, ती नफ्यावर बसवणे हा आहे. युरोपची एकसंध बाजारपेठ नसती तर ज्या कंपन्या आज आहेत तेवढ्या मोठ्या झाल्या नसत्या, त्यांनी त्या बाजारपेठेला वाचवण्याचा खर्च उचलणे यात अन्याय कुठे आहे? 2020 मध्ये इटली आणि स्पेन कोसळले असते, तर जर्मन मोटारी घेतल्या कोणी असत्या?

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. साथीच्या कर्जाचा हप्ता ठरण्याआधीच नवी कर्जे सुरू झाली आहेत. मे 2025 मध्ये शस्त्रखरेदीसाठी 150 अब्जांची कर्जयोजना मंजूर झाली. डिसेंबर 2025 मध्ये युक्रेनसाठी 90 अब्ज समाईक कर्जातून उभे करायचे ठरले. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारियो द्राघी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरच्या 2024 च्या अहवालात वर्षाला 750 ते 800 अब्जांच्या जादा गुंतवणुकीची गरज सांगितली, तीही समाईक कर्जाशिवाय भागणारी नाही. ही सगळी कामे निकडीची आहेत, त्यातल्या एकालाही माझा विरोध नाही. पण साथीतून युरोप एकत्र कर्ज काढायला शिकला, एकत्र कर भरायला शिकला नाही, असे चित्र दिसते. समाईक कर्जाचे शत्रू याचीच वाट पाहत आहेत. पहिला हप्ता भरताना भांडणे झाली की ते म्हणतील, पाहिलेत, आम्ही सांगत नव्हतो? आणि पुढच्या साथीत पुन्हा ज्याचे त्याने पाहावे, असे होईल.

तुम्ही या बाबतीत नवखे नाही. मार्च 2018 मध्ये, साथीची चाहूलही नव्हती तेव्हा, स्ट्रासबुर्गच्या संसदेत तुम्ही महासंघाच्या स्वतःच्या उत्पन्नाची बाजू मांडली होती. आज पंतप्रधानाची खुर्ची नाही, निवडणूक नाही, कोणत्या एका देशाचा अर्थमंत्री मागे ओढत नाही. तुमच्या हातात विषयपत्रिका आहे. तिचा उपयोग करा. बजेटचा आकडा, शेतकऱ्यांचा वाटा, दक्षिणेचे अनुदान, वर्गणीतल्या सवलती या सगळ्याच्या शेवटी उत्पन्नाचा विषय ठेवला की तो पहाटे चार वाजता येतो आणि पुढच्या वेळेवर जातो. तो पहिला ठेवा. पाच कर एकदम मागू नका. कार्बन परवान्यांचा वाटा घ्या, कारण तो बाजार युरोपनेच उभारला आहे आणि पैसा आधीच गोळा होतो आहे. नफ्यावरची वर्गणी घ्या. सीमाशुल्काचे पैसे हप्त्यातून वगळा. काटकसरी देशांना 2020 मध्ये दिलेल्या सवलती बंद करा आणि त्यांना सांगा की, पुढचे कोणतेही समाईक कर्ज यापुढे करासकटच येईल. 

वेळ फार नाही. महासंघाच्या उत्पन्नाचा निर्णय एकमताने होतो आणि मग सत्तावीस देशांनी तो आपापल्या घटनेप्रमाणे मंजूर करावा लागतो. मागच्या वेळी, माणसे मरत असताना आणि सगळ्यांना पैशाची घाई असताना, 14 डिसेंबर 2020 ते 31 मे 2021 एवढा काळ त्याला लागला. मध्ये जर्मन घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांची सहीसुद्धा काही आठवडे थांबवली होती. त्यातले शेवटचे पाच महिने महासंघाचे फिरते अध्यक्षपद पोर्तुगालकडे होते आणि सत्तावीस मंजुऱ्या तुम्ही गोळा केल्या होत्या. आता घाई कोणालाच नाही, म्हणून त्याहून जास्त काळ लागेल. परतफेड 1 जानेवारी 2028 पासून सुरू होणाऱ्या बजेटात आहे.

कळावे,
आपला,
सार्वजनिक पैशाविषयी मराठीत लिहिणारा एक लेखक